काहिलीपुढच्या राखणदार पेशी

मी चोरून गूळ खाते, ही बातमी सगळ्यात आधी माझ्या मुलीच्या मोबाइलला कळली. तोपर्यंत मला स्वतःलाही ती माहीत नव्हती.

झालं असं, की माझ्या दंडावर रुपयाएवढी एक चकती चिकटवलेली असते. ती दर पाच मिनिटांनी साखर मोजते आणि आकडा दोनशेच्या वर गेला की ईश्वरीच्या मोबाइलवर घंटा वाजते. ईश्वरी माझी एकुलती एक मुलगी, चोवीस वर्षांची, गावातल्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. त्या दिवशी मधल्या सुट्टीत ती स्कूटर दामटत थेट गुऱ्हाळावर आली. मी काहिलीपुढे उभी होते. काहील म्हणजे रस आटवायची लोखंडी कढई. पण कढई म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जे येईल ते सोडून द्या, आमच्या काहिलीत चार माणसं मांडी घालून बसतील. रसाला उकळी फुटली होती, मळी, म्हणजे रसातला मळ, वर आली होती, आणि ही बाई सगळ्यांच्या देखत म्हणते, "आई, आ कर."

"काय?"

"आ कर म्हणते ना. तोंड दाखव."

"अगं शहाणे, पाक हातचा जाईल. हो बाजूला!"

"दोनशे चाळीस झालीय! काय खाल्लंस ते आधी सांग."

खाली चुलाणाच्या तोंडाशी संताजी बसला होता. जाळ घालायचं काम त्याचं. माझ्या वडिलांच्या वेळेपासून तोच आमच्या चुलाणात उसाची वाळकी चिपाडं लोटतोय. तो तिथूनच म्हणाला, "ईश्वरीबाई, तुझ्या आईनं सकाळपासनं पाण्याबिगर काय बी घेतलेलं नाही. मी बघतोय की."

"काका, तुम्ही तिचीच बाजू घेणार," असं म्हणून ती फणकाऱ्यानं निघून गेली. पण जाताना तिनं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, ती नजर मला फार लागली. माझ्याच पोरीला मी खोटारडी वाटले होते.

आता मी कोण ते सांगते. मी उज्ज्वला मगदूम, वय त्रेपन्न, भोगावतीकाठच्या आमच्या गावात गुळव्या आहे. गुळव्या हा शब्द बाईला लावायची पद्धत नाही, पण मला दुसरं काही म्हटलेलं मी खपवून घेत नाही. रसात चुना किती घालायचा, भेंडीचं पाणी कधी सोडायचं, मळी कधी काढायची आणि काहील कुठल्या क्षणी उतरवायची, हे सगळं मी ठरवते. लोकांना वाटतं, पाक झाला का हे गुळव्या चाखून बघतो. चाखतोय कशाला! पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा, बोटांनी गोळी वळायची आणि पत्र्यावर मारायची. टण्‌ वाजली की उतरवा. सोळा वर्षांपूर्वी मला साखर निघाली, तेव्हा वडिलांच्या फोटोपुढं शपथ घेतली, की गुळाचा खडा जिभेवर ठेवणार नाही. आजतागायत ठेवलेला नाही. आता २०४७ साली विजेच्या काहिलीवर गूळ होतो, नाही असं नाही. पण चिपाडाच्या जाळावरचा रंग आणि चव त्याला येत नाही, म्हणून आमची चुलाणं अजून पेटतात.

शपथेनं साखर काही गेली नाही. गोळ्या झाल्या, इन्सुलिन झालं, आणि तीन वर्षांपूर्वी डाव्या पायाची दोन बोटं कापावी लागली. काळी पडली होती. तो वास अजून आठवला की मला जेवण जात नाही. संताजीनंच मला उचलून गाडीत घातलं होतं. मागच्या वर्षी उजव्या तळव्याला जखम झाली आणि काही केल्या भरेना, तेव्हा कोल्हापुरातल्या एका संशोधन केंद्रातले डॉक्टर नाडगौडा भेटले. पस्तिशीचा, चष्मा लावणारा, मऊ बोलणारा माणूस. त्यानं कागदावर चित्रं काढून मला सगळं समजावलं आणि मला ते समजलं, कारण त्यानं मला अडाणी धरलं नाही.

"काकू, पोटावरची चरबी म्हणजे नुसतं कोठार नाही," तो म्हणाला. "त्या कोठारात आपल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी राहतात. या पेशी रक्तातून फिरतात आणि जंतूंशी लढतात, एवढंच आपण ऐकलेलं असतं. पण काही पेशी चरबीत, स्नायूंत, यकृतात कायमचा मुक्काम ठोकून असतात. तिथं इंधन जाळायचं की साठवायचं, यात त्यांचा शब्द चालतो."

कोठार गच्च भरलं की चरबीच्या पेशी गुदमरतात, काही मरतात. मग तिथं भक्षक पेशी गोळा होतात, मेलेलं खातात आणि आरडाओरडा सुरू करतात, म्हणजे दाह करणारी रसायनं सोडतात. त्या गोंगाटात चरबीला आणि स्नायूंना इन्सुलिनची हाक ऐकू येईनाशी होते आणि साखर रक्तातच राहते. या भक्षकांना शांत करणाऱ्या दुसऱ्या पेशी असतात. नाडगौडा त्यांना राखणदार पेशी म्हणायचा. सडपातळ माणसाच्या चरबीत त्या भरपूर असतात, माझ्यासारखीच्या चरबीत नावालाच.

त्यांनी माझ्याच रक्तातून थोड्या राखणदार पेशी काढल्या, प्रयोगशाळेत वाढवल्या, त्यांना चरबीचा पत्ता शिकवला आणि श्रावणात माझ्या पोटावर चाळीस ठिकाणी टोचून आत सोडल्या. प्रत्येक पेशीला एक कडीही बसवली होती. का, तर ताप येतो तेव्हा शरीराला दाह हवाच असतो. लढणाऱ्या पेशींना साखर लागते, म्हणून बाकीचं शरीर त्या दिवसांत साखर कमी उचलतं. तेव्हाही हे राखणदार सगळ्यांना गप्प बसवत राहिले, तर साध्या न्यूमोनियानं माणूस जायचा. म्हणून आजूबाजूचं तापमान तासभर एकोणचाळीस अंशांच्या वर राहिलं, की कडी पडते आणि पेशी चार-पाच दिवस झोपी जातात. ताप उतरला की पुन्हा कामाला लागतात.

श्रावण, भाद्रपद, आश्विन. तीन महिने साखर एकशे वीसच्या आसपास. तळव्याची जखम भरली, वर नवी गुलाबी कातडी आली. मी रोज सकाळी ईश्वरीला पाय दाखवायचे आणि ती हसायची. दिवाळी झाली, गुऱ्हाळ सुरू झालं आणि त्याच आठवड्यात आकडा चढायला लागला.

डिसेंबर संपता संपता आम्हा मायलेकींना केंद्रात बोलावणं आलं. नाडगौडानं भिंतीवर माझा आलेख लावला होता.

"काकू, गुऱ्हाळ सुरू झालं आणि साखर वाढली. मधे आठ दिवस गुऱ्हाळ बंद होतं, तेव्हा ती उतरली. पुन्हा सुरू झालं, पुन्हा चढली. मी तुम्हाला दोष देत नाही. दिवसभर गुळाच्या वाफेत उभं राहायचं म्हणजे मोह होणारच."

"मोह? मला?"

"तुम्ही खरं सांगितलंत तर केंद्राच्या समितीशी मला बोलता येईल. पथ्य न पाळणाऱ्याच्या अंगात या पेशी ठेवायची परवानगी नाही. वीस जानेवारीला बैठक आहे. त्यांनी नाही म्हटलं, तर तुम्हाला बंद-गोळी घ्यावी लागेल."

बंद-गोळी म्हणजे काय ते मला माहीत होतं. ती गिळली की तीन दिवसांत सगळ्या राखणदार पेशी मरतात. तशी सोय त्यांच्यात आधीच करून ठेवलेली असते. पेशी मेल्या की साखर परत तीनशेवर आणि उजवा पाय डाव्याच्या वाटेनं. पायच राहिला नाही तर काहिलीपुढं उभी कशी राहणार? बसून गूळ होत नाही.

"डॉक्टर, खाल्ला असता तर तोंडावर सांगितलं असतं. मी कुणाच्या बापाला भीत नाही."

"आकडे खोटं बोलत नाहीत, काकू."

"मग मी बोलते?"

तो गप्प बसला. शेजारी ईश्वरी बसली होती, तीही गप्प बसली. डॉक्टरचं गप्प बसणं मी सोसलं असतं. तिचं मला सोसवलं नाही. बाहेर येऊन गाडीत बसल्यावर मी ढसाढसा रडले, आणि ती पुढं बघून गाडी चालवत राहिली.

घरी आल्यावर तिनं गूळ, साखर, मध, खजूर, सगळं ट्रंकेत घालून कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. मी म्हटलं, घाल बाई, कुलूप घाल. पण मनाशी पक्कं केलं. चोर ठरून मी ती गोळी घेणार नाही. बिघडलेली काहील का बिघडली हे हुडकून काढण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय. ऊस कोवळा होता, की चुना जास्त पडला, की पाणी उशिरा सोडलं, एकेक गोष्ट बाजूला काढत जायचं. आता माझंच रक्त बिघडलं होतं, तर तेही तसंच हुडकायचं.

रविवारी सकाळी मी आलेखाचा कागद स्वयंपाकघरात फरशीवर पसरला आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून शेजारी ठेवलं. दिवसाशी दिवस लावत गेले. अमावास्येला गुऱ्हाळ बंद असतं, पण त्या दिवशी आकडा हललेला नव्हता. काहिलीचा तळ गेला आणि आठ दिवस काम बंद पडलं, तेव्हा मात्र उतरला होता. आणि तोही पहिल्या दिवशी नाही, पाचव्या दिवसापासून. सातव्या दिवसावर बोट ठेवलं आणि माझा मलाच घाम फुटला.

"ईश्वरी, इकडं ये जरा."

ती आली आणि दारातच उभी राहिली.

"या तारखेला काय होतं?"

"सुहासदादाचं लग्न."

मी घसा खाकरला. "लग्नात मी जिलेबी खाल्ली होती."

"काय?"

"दोन. नंतर मठ्ठा आला, तेव्हा अजून एक. तीन."

"आई! आणि वर शपथेच्या गोष्टी सांगतेस?"

"शपथ गुळाची होती गं. जिलेबीचं मी कधी बोलले?"

ती इतकी संतापली, की मला वाटलं कागद फाडणार. पण फाडायला म्हणून तिनं तो हातात घेतला आणि तशीच थांबली. मग खाली बसली. पोरगी शिक्षिका आहे ना, आकड्यांपुढं राग टिकत नाही तिचा.

"तीन जिलेब्या खाल्ल्यास त्या दिवशी एकशे तीस," ती हळू आवाजात म्हणाली. "आणि नुसत्या पाण्यावर काहिलीपुढं उभी होतीस त्या दिवशी दोनशे चाळीस. म्हणजे खाण्याचा संबंधच नाही. उतरायला चार दिवस लागतात. चार दिवस... आई, गुऱ्हाळावर गुळाशिवाय दुसरं काय असतं?"

"जाळ," मी म्हणाले, आणि दोघींनाही एकदमच ती तापाची कडी आठवली.

तिनं धावत जाऊन केंद्राच्या फॉर्मची प्रत आणली. "प्रश्न अकरा. आपण भट्टीजवळ किंवा उघड्या आगीजवळ काम करता का? करत असल्यास आपण या उपचारास पात्र नाही. आणि तू सांगितलंयस, नाही!"

"मग? जाळ संताजी घालतो. मी गुळव्या आहे."

"तू काहिलीला पोट लावून उभी असतेस!"

"लावून कुठं? वीतभर लांब असते."

बोलून गेले आणि माझी मलाच लाज वाटली. आमच्या गुऱ्हाळात रीत आहे. गुळव्यानं चुलाणाकडं वाकूनसुद्धा बघायचं नाही, वरून फक्त हाक द्यायची, जाळ कमी, जाळ जास्त. आग हे खालच्या माणसाचं काम. वडिलांनी मला हे असं शिकवलं आणि मी ते मानानं मिरवलं. केंद्रातल्या मुलीनं प्रश्न विचारला तेव्हा मी मान ताठ करून सांगितलं होतं, की छे, आगीकडं आमचा माणूस असतो. काहिलीच्या काठावरून बाहेर येणाऱ्या ज्वाळांपुढं तीस वर्षं पोट भाजून घेतलं, पण त्याला आग म्हणायची मला सवयच नव्हती. माझ्या पोटावरच्या चरबीला रोज आठ-आठ तास ताप येत होता आणि राखणदार बिचारे शिकवल्याप्रमाणं झोपत होते.

ईश्वरीनं गळ्यातली किल्ली काढून माझ्या हातात दिली. "चुकलं माझं."

"जिलेबीचं माझंही चुकलं," मी म्हणाले. मग ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि मला फार बरं वाटलं.

नाडगौडाला फोन केला. तो आधी चाचरला. "काकू, म्हणजे तुम्ही फॉर्मवरच चुकीची माहिती..."

"दिली. चूक माझी आहे आणि ती मी समितीपुढं बोलून दाखवीन. पण मी चोर नाही, हे तुम्हाला इथं येऊन बघावं लागेल. माझ्या गळ्यात कॅमेरा बांधा. माझ्या तोंडात काय जातं ते रात्रंदिवस बघा. घोरताना दिसले तरी चालेल."

चार तारखेला तो यंत्रं घेऊन आला. पोटावर केसाएवढी बारीक सुई बसवायची होती, चरबीतलं तापमान मोजायला. मी पदर बाजूला केला आणि त्याचा हात थांबला. माझ्या पोटावर तपकिरी जाळी आहे, मासे धरायच्या जाळ्यासारखी.

"हे कधीपासून आहे?"

"गुळव्यांच्या पोटावर असतेच ती. माझ्या वडिलांच्याही होती."

"हे उष्णतेनं होतं, काकू. वर्षानुवर्षांच्या." त्यानं चष्मा काढून पुसला. "मी तुमच्या पोटात चाळीस सुया टोचल्यात. आणि मी हे बघून तुम्हाला काहीच विचारलं नाही."

पहिले पाच दिवस मी नेहमीसारखी उभी राहिले. पहिल्याच दिवशी तासाभरात सुईनं चाळीस अंश एक दाखवलं. साखर दोनशे पस्तीस. सहाव्या दिवसापासून ईश्वरीनं मला ओल्या गोणपाटाचा आणि पत्र्याचा एक एप्रन बांधला. दर तासाला संताजी त्यावर पाणी मारायचा आणि हसायचा. "वैनी, आता तुम्ही ओलं फडकं गुंडाळलेल्या माठावानी दिसताय." तापमान सदतीसच्या पुढं गेलं नाही. दहाव्या दिवशी साखर उतरायला लागली, बाराव्या दिवशी एकशे चौतीस. बारा दिवस समितीतल्या सगळ्या मोठ्या लोकांनी माझी भाकरी, माझी आमटी आणि माझ्या घशात जाणारा प्रत्येक घोट बघितला.

वीस तारखेला बैठक झाली. मी माझी चूक सांगितली, त्यांनी त्यांची सांगितली. एप्रन घालून काम करायच्या अटीवर माझ्या पेशी मला ठेवता येणार होत्या. पाय वाचला, काहील वाचली, नाव वाचलं. मी आनंदानं तिथंच नाचले असते, पण आठ बोटांवर तोल जातो.

दुसऱ्या दिवशी नाडगौडा पत्र द्यायला स्वतः गुऱ्हाळावर आला. संताजीनं हात पुसले आणि पुढं झाला.

"डॉक्टर, माझा नंबर कधी? या पेशींच्या दुसऱ्या यादीत नाव दिलंय मी. या डोळ्यानं आता धुरकट दिसतंय."

साखरेनं संताजीचा एक डोळा निम्मा खाल्लाय. नाडगौडानं त्याच्याकडं बघितलं, मग चुलाणाच्या तोंडाकडं, मग तो बसतो त्या दगडाकडं. दगड आणि जाळ यांत दोन हातांचंही अंतर नाही.

"तुम्ही इथं बसता? रोज?"

"तीस वर्सं."

"तुम्हाला नाही देता येणार," नाडगौडा खाली बघत म्हणाला. "एप्रननं भागायचं नाही, इथं सगळं अंगच तापतं. नियमच आहे. मी तुमचं नाव काढायला सांगतो, उगाच वाट बघत बसाल."

"बरं," संताजी म्हणाला. तो परत जाऊन दगडावर बसला. "जाळ तर घालायलाच पायजे."

मला त्या क्षणी जे वाटलं ते स्पष्ट सांगते. मला माझीच शिसारी आली. आग माझ्याकडं नसते, असं तोऱ्यात सांगून मी आत शिरले होते. ज्याच्या जिवावर तो तोरा, तो खरं बोलणार आणि म्हणून बाहेर राहणार. बेकरीतले, वीटभट्टीवरचे, लोहार, खाणावळीतल्या भाकऱ्या थापणाऱ्या बाया, सगळे बाहेर.

"दुसरी कडी नाही का करता येत?" मी विचारलं.

"आहे," नाडगौडा म्हणाला. "नुसत्या उष्णतेनं ती पडत नाही. रक्तात जंतूंचा इशारा देणारे रेणूही असावे लागतात, तरच पडते. उंदरांवर जमलंय. माणसावर करून बघायची परवानगीही मिळेल. पण पहिला माणूस असा हवा, जो रोज आगीपुढं उभा राहतो आणि ज्याचे आधीचे आकडे आमच्याकडं आहेत. संताजींची मूत्रपिंडं थकलीत, पहिल्या प्रयोगाला ते चालणार नाहीत."

"माझे बारा दिवसांचे आकडे आहेत की."

"काकू, तुमच्या अंगात जुन्या पेशी आहेत. त्या असताना नव्या कामाला लागल्या की नाही हे कळणारच नाही. आधी जुन्या माराव्या लागतील. नव्या तयार होईपर्यंत चौदा आठवडे तुम्ही रिकाम्या. पायाची हमी मी देऊ शकत नाही."

"मी हमी मागितली का?"

ईश्वरीनं ऐकलं आणि घर डोक्यावर घेतलं. "आत्ताच वाचलीस ना तू! संताजीकाकांसाठी जीव तुटतो माझाही, पण पाय तुझा आहे!"

"माझा आहे म्हणूनच मी ठरवणार."

"आणि गेला तर?"

"मला भीती वाटतेय, ईश्वरी. तो वास आठवला की अंगावर काटा येतो. पण हे मी केलं नाही, तर रोज सकाळी त्याला जाळ वाढव म्हणून हाक मारायची कुठल्या तोंडानं?"

ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी केंद्रात माझ्याबरोबर आली. नाडगौडानं बंद-गोळी टेबलावर ठेवली, पिवळी, वाटाण्याएवढी. जी गोळी टळावी म्हणून महिनाभर भांडले, ती आता मागून घेत होते. पाण्याचा पेला ईश्वरीनंच माझ्या हातात दिला. मी गोळी गिळली.

चौदा आठवडे वाईट गेले. दिवसातून चार वेळा इन्सुलिन, तरी साखर अडीचशेच्या खाली येईना. मी काहिलीशेजारी खुर्ची टाकून ओरडायचे आणि शनिवार-रविवारी ईश्वरी पाकाची गोळी वळायला शिकायची. गूळ कसाबसाच झाला. दहाव्या आठवड्यात उजव्या पायाची करंगळी गेली. शुद्धीवर आले तेव्हा संताजी उशाशी बसला होता. "वैनी, बास करा आता," म्हणाला. मी म्हणाले, "करंगळीनं गूळ वळतात का? गप बस."

नव्या पेशी घातल्या, त्या रुळल्या, तोवर मे संपत आला. गुऱ्हाळं सगळी बंद झाली होती. आमच्या मळ्यातला अर्धा एकर ऊस मुद्दाम राखून ठेवला होता, तो तोडला आणि पाच दिवसांसाठी चुलाण पेटवलं. एप्रन नाही, गोणपाट नाही. मी काठी टेकवत जाऊन काहिलीपुढं माझ्या जागेवर उभी राहिले. बाहेर उन्हाळा, पुढं जाळ. नाडगौडा एका बाजूला सुईचा आकडा बघत होता, ईश्वरी दुसऱ्या बाजूला मोबाइल घेऊन.

पहिला दिवस गेला, दुसरा गेला. जुन्या पेशी पहिल्या तासातच झोपल्या असत्या आणि एव्हाना आकडा चढला असता. पाचव्या दिवशी दुपारी रस लालसर व्हायला लागला.

"चाळीस अंश चार," नाडगौडा म्हणाला. "ईश्वरी, साखर?"

मी मान वळवून बघितलं, तर ती तोंडावर हात ठेवून उभी.

"अगं बोल की!"

"एकशे अठ्ठावीस," ती म्हणाली आणि रडायला लागली.

खाली चिपाड लोटणारा संताजीचा हात थांबला होता. तो वर बघत होता, एका डोळ्यानं नीट, एकानं धूसर.

"काकू, झालं. सिद्ध झालं," नाडगौडा म्हणाला. "आता मागं या, उगाच भाजून घेऊ नका."

"पाक अजून व्हायचाय," मी म्हणाले. "संताजी, जाळ वाढव."

"अजून?"

"अजून. पुढच्या हंगामात तुला हेच करायचंय."

त्यानं चिपाडाचा भारा उचलला आणि आत लोटला.